हे कुणी काढलंय?

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल मिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. महाराष्ट्र संतापला, आणि संतापायलाच हवं होतं. ओरड झाली म्हणून प्राडाला हे ऋण मान्य करावं लागलं आणि त्यांची माणसं कारागिरांच्या दारात आली.

आता तोच राग घेऊन घरचं कपाट उघडा. वारली चित्रांचा कुर्ता, दुपट्टा, उशीचे अभ्रे. लेबलवर ब्रँडचं नाव आहे, धुण्याच्या सूचना आहेत. चित्र काढणाऱ्या वारली आदिवासी माणसाचं नाव कुठंय?

डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. चौकात पालघट देवी असते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. कापडावर येताना चौक गळतो, देवी गळते, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी त्रिकोणी माणसं तेवढी काठापदरावर उरतात. काय ठेवायचं, काय गाळायचं हे कुणी ठरवलं? ज्यांची देवी, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मानसन्मान मिळाले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचं कुंपण नावाभोवती असतं. ‘वारलीसारखं’ म्हणून छापणारा त्यातून सहज निसटतो.

खरी गोम दोन शब्दांत आहे. शहरात शिकून आलेला तो डिझायनर. आईच्या हाताखाली चौक लिहायला शिकलेली ती कारागीर. डिझायनरचं नाव लेबलवर, कारागिराला नगावर मजुरी. रचना जिची, तिला डिझायनर म्हणायला आपली जीभ जोवर रेटत नाही, तोवर आदिवासी फॅशनला प्रोत्साहन देण्याची भाषणं पोकळ आहेत.

मेक्सिकोकडे बघा. ओआहाका राज्यातल्या याललाग गावच्या झापोटेक लोकांच्या वहाणांचा घाट आदिदासच्या पादत्राणात उतरला. ऑगस्ट 2025 मध्ये कंपनीच्या प्रतिनिधींना त्या गावात येऊन, गावकऱ्यांसमोर माफी मागावी लागली. गाव ठाम राहिलं आणि सरकार गावाच्या पाठीशी उभं राहिलं.

आपल्याकडेही हे अवघड नाही. प्रत्येक नमुन्यावर चित्रकाराचं नाव हवं. मजुरीवर बोळवण नको, विक्रीत वाटा हवा. कोणती आकृती कापडावर येणार नाही, हे सांगण्याचा अधिकार वारल्यांचा हवा. पाड्यावरच्या मुलींना स्वतःचा ब्रँड काढायचा असेल, तर भांडवल हवं, शिलाई यंत्रं हवीत आणि सगळ्यात आधी हवी पहिली ऑर्डर. दिवाळीला भेटवस्तू वाटणाऱ्या कंपन्या आणि समारंभात शाली वाटणारी सरकारी खाती ती ऑर्डर उद्या सकाळी देऊ शकतात. मधला दलाल टाळा, थेट पाड्यावर जा.

आणि आपण? पुढच्या वेळी वारली दुपट्टा आवडला, तर किंमत विचारण्याआधी विचारा, ‘हे कुणी काढलंय?’ उत्तर मिळालं नाही, तर घडी घालून परत ठेवा. प्राडाला आपण हाच प्रश्न विचारला होता.