कर्ण्याचा पुनर्जन्म

पाचगणीच्या हवेसाठी एके काळी क्षयरोग्यांना इथे पाठवत. माणसे बरी होत. स्पीकर मात्र याच हवेत आजारी पडतात. पावसाळी दमटपणात कागदी कोनला बुरशी धरते आणि फोमच्या कडेचा हात लावताच भुगा होतो. मग बंगल्याच्या माळ्यावरून भंगारात गेलेला स्पीकर ‘अँटिक’ होऊन दामदुपटीने घरी परततो. त्यातले चुंबक तेवढे शाबूत असते, बाकी सगळे नवे लागते. त्यासाठी पुण्याची बुधवार पेठ गाठावी, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दुकानदार व्हॉइस कॉइलचे माप विचारतो, गिऱ्हाईक आजोबांच्या आठवणी सांगते. शेवटी 8 ओहमच्या जागी 4 ओहमची कॉइल बसते आणि ॲम्प्लिफायरही दुरुस्तीच्या रांगेत उभा राहतो.

एवढे करून आवाज फुटलाच, तर वाजवायचा कुठे? ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी. शाळेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि पाचगणीत शाळा नाही अशी जागा शोधायची म्हणजे वेगळी सहलच काढावी लागेल. तेव्हा रसिकहो, स्पीकर जरूर दुरुस्त करा. आवाजाचे बटण मात्र बिघडलेलेच राहू द्या.