लोण्याचा नागरी दर्जा
सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जात असताना लोणी, म्हणजे ज्यातील स्निग्धांश सुमारे ३५ अंशांपर्यंत बहुतांशी वितळतो असा पदार्थ, घट्ट राहील ही अपेक्षाच मुळात आशावादी आहे. परंपरेने ते थंड पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून राखले जाते. मात्र जिथे उजनी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, तिथे लोण्याला रोज ताजे पाणी पुरवणे म्हणजे त्याला घरातील माणसांहून वरच्या दर्जाचा नागरिक ठरवणे होय. फ्रिजचा उपाय वीज असेपर्यंतच शास्त्रशुद्ध राहतो. म्हणून शहाणी घरे लोणी कढवतात, अर्थात त्यातील पाणी आटवून आणि बेरी, म्हणजे तळाशी बसणारा दुधाचा खरपूस अंश, गाळून तूप करतात. ते मात्र शेंगाचटणी-भाकरीबरोबर टिकाऊपणाची परीक्षा होण्याआधीच संपते.