रंगमापक खरेदी करणाऱ्यांसाठी सूचना

लग्नाच्या अल्बममध्ये नवरीची चिंतामणी रंगाची पैठणी हिरवी कशी काय उमटली, यावर फोटोग्राफर, छापखाना आणि मुलीची आत्या यांचे एकमत होत नाही. मॉनिटर कॅलिब्रेट करण्याचे यंत्र घ्यावे, असा विचार अशाच वेळी मनात येतो. तो आल्यावर घाई करू नये. आधी खोलीकडे पाहावे. यंत्र काचेला चिकटून मोजते, त्याला तुमची पोपटी भिंत दिसत नाही. तुम्हाला दिसते, आणि डोळा फसतो. भिंतीला राखाडी रंग देण्यास घरातून परवानगी मिळत नसेल, तर निदान पडदा ओढावा. संगणकाचा 'नाइट लाइट' बंद करावा. हे फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

आता यंत्रांच्या जाती. कलरिमीटर स्वस्त आणि चपळ असतो, गडद छटाही नीट वाचतो. त्याच्या आत रंगीत गाळण्या असतात आणि १९३१ साली ठरलेल्या 'प्रमाण निरीक्षका'च्या नजरेने त्याने पाहावे अशी अपेक्षा असते. ही नजर इंग्लंडमधल्या अवघ्या सतरा जणांच्या डोळ्यांवरून ठरली. पैठणीचा प्रश्न त्यांच्यापुढे आला नसावा. दुसरी जात स्पेक्ट्रोफोटोमीटर. तो प्रकाशाची फोड करून मोजतो, छापलेला कागदही वाचतो, काळ्या रंगापाशी मात्र अडखळतो आणि किंमत कित्येक पट सांगतो. घरी स्वतःचा प्रिंटर असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

मॉनिटर ओएलईडी किंवा 'वाइड गॅमट' असेल, तर कलरिमीटरला त्या पडद्यासाठी वेगळी दुरुस्ती-फाइल लागते. दुकानदाराला हे जरूर विचारावे. "सगळ्याला चालतं," असे उत्तर आल्यास दुकान बदलावे. जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी जपून; काही जुन्या यंत्रांतल्या गाळण्यांचा रंग काळाबरोबर उडतो, म्हणजे रंग तपासणाराच फिका. महागडा खोका पाहूनही हुरळू नये. स्पायडरएक्स या कलरिमीटरच्या प्रो आणि एलिट या दोन्ही खोक्यांत यंत्र एकच, फरक सॉफ्टवेअरचा. आर्गिलसीएमएसवर चालणारे डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. त्यातले पर्याय वाचता वाचता रविवार जातो, हा भाग वेगळा.

मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा. मग ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास ठेवावा. काम संपताच पडदा पिवळट दिसेल आणि घरातले म्हणतील, "बिघडवलास ना?" दोन दिवस कळ काढावी. चिंतामणीची खरी झळाळी तरीही साध्या एसआरजीबी पडद्यावर येणार नाही. त्या रंगकक्षेत ती मावतच नाही, आणि मापक कितीही महाग घेतला तरी कक्षा रुंदावत नाही.

शेवटची सूचना गोपनीय आहे. यंत्र घेतल्याची बातमी गिऱ्हाइकांत फुटू देऊ नये. आजवर रंग चुकला की मॉनिटरकडे बोट दाखवता येत होते. आता मॉनिटर निर्दोष सुटतो. छापखान्याने कागदाचे प्रोफाइल दिले असेल आणि आपण ते वापरले असेल, तर बहुधा तोही सुटतो. मग कार्यालयातल्या जांभळ्या दिव्यांखाली कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर कोणी ठेवला होता, हे आत्या विचारणारच.