नकाशातली बाग

आमच्या घरासमोर बाग आहे. विकास आराखड्यात त्या जागी ‘बालोद्यान’ असं लिहिलंय, हिरवा रंग भरलाय आणि बाजूला आरक्षणाचा क्रमांकही घातलाय. फक्त जागेवर बाभळी, घाणेरी, गाजरगवत आणि संध्याकाळी चरायला येणाऱ्या म्हशी आहेत. ज्या पोरांसाठी ही बाग व्हायची होती, त्यांच्या पोरांची आता शाळा सुरू झाली. बिल्डरने मात्र ‘गार्डन फेसिंग’ म्हणून आमच्याकडून चौरस फुटामागे थोडे जास्तच घेतले होते. त्याला खोटारडा म्हणायची सोय नाही, कारण त्याने नकाशा दाखवला होता आणि नकाशा सरकारी होता.

आपल्याकडे नगररचना ही काही कालची गोष्ट नव्हे. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९१५ साली झाला, आणि देशातला तो पहिला. सध्याचा राज्याचा कायदा १९६६ चा. त्याचा हेतू इतका चांगला आहे की वाचून भरून यावं. शहर कसं वाढेल याचा वीस-एक वर्षांचा अंदाज बांधायचा, शाळा, दवाखाना, मंडई, मैदान यांच्या जागा आधीच राखायच्या, लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या आणि मग शासनाची मंजुरी घ्यायची. गडबड होते ती यापुढे. जागा राखायला लागतो रंग, आणि ती ताब्यात घ्यायला लागतात पैसे. रंग नगरपालिकेकडे भरपूर आहे.

एकदा ‘बागेचं काय झालं’ हे विचारायला मी नगररचना विभागात गेलो. साहेब साइटवर गेले होते. साहेब नेहमीच साइटवर गेलेले असतात. गावात एवढ्या साइट आहेत, तरी एकीवरही ते कुणाला दिसत नाहीत, हा भाग वेगळा. टेबलावरच्या बाईंनी मात्र आपुलकीने कपाटातून नकाशाची गुंडाळी काढली, एका टोकावर पंचिंग मशीन आणि दुसऱ्यावर स्वतःचा डबा ठेवून ती पसरली. घडीवर झिजून आमची गल्ली निम्मी पुसली गेली होती, पण बाग शाबूत होती. बाईंनी त्यावर पट्टी ठेवली, मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, “काका, चांगली मोठी आहे हो!” मलाही क्षणभर बरं वाटलं.

“पण होणार कधी?”

“ते भूसंपादनाचं टेबल. इथं आम्ही फक्त दाखवतो.”

या बागेची खरी झळ बसते ती अण्णांना. जमीन त्यांची. विकायला जावं तर आरक्षण बघून गिऱ्हाईक पळतं, बांधायला जावं तर परवानगी नाही. मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क, घ्या म्हणतात, पण आमच्या गावात तो विकत घेणार कोण? अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण रद्द झालं असं समजतात. आता पाऊल म्हणजे काय, यावरही वाद झालाच. नुसता प्रस्ताव वर पाठवणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, हे गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आमच्या नगरपालिकेची बहुतेक पावलं तोवर आवक-जावक रजिस्टरातच पडत असत.

मग अण्णा नोटीस का देत नाहीत? सातबारावर भाऊ, बहिणी, पुतणे अशी नावांची रांग आहे, आणि सगळ्यांचं एकमत फक्त लग्नकार्याच्या जेवणावर होतं. “मास्तर,” ते मला म्हणाले, “तुम्हाला बाग पाहिजे, मला पैसे पाहिजेत. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर काम होईना.” आम्हा गल्लीकरांची तर आणखीच पंचाईत. अण्णांना न्याय मिळाला तर समोर टॉवर उभा राहणार. त्यामुळे आम्ही त्यांच्या दुःखात मनापासून सहभागी होतो आणि नोटिशीचा विषय निघाला की चहा मागवतो.

दरम्यान त्या बागेतल्या म्हशी रस्ता ओलांडून आमच्या अंगणातली जास्वंद खायला लागल्या. आम्ही कुंपणाची भिंत थोडी वाढवली. बाग करायला ज्यांना इतकी वर्षं सवड झाली नाही, त्यांचा माणूस भिंत मोजायला आठवड्याच्या आत हजर! नियम असा की समोरची भिंत दीड मीटरपर्यंत. त्याच्या वर न्यायची तर जाळीची, तीही ठरावीक उंचीपर्यंतच. आणि ही उंची धरायची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. माणूस टेप घेऊन भर रस्त्यात उभा राहिला, दोन रिक्षांना हात दाखवून थांबवलं आणि म्हणाला, “चार बोटं जास्त आहे.” नोटीस आली. मी खुलासा दिला, त्यावर स्मरणपत्र आलं, आणि तेवढ्यात निवडणूक लागली. निवडणूक म्हटलं की डांबर आलंच. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढला, मध्यरेषा वर आली आणि आमची भिंत जागच्या जागी कायदेशीर झाली. पावसाचं पाणी आता अंगणात शिरतं, पण त्याबद्दल नोटीस कुणी कुणाला द्यायची हे कायद्यात सापडलं नाही.

मोठ्या शहरांत निराळं आहे म्हणावं, तर तसंही नाही. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यातला उच्च क्षमता द्रुतगती मार्ग अजून कागदावरच धावतो आहे. त्याच पुण्यात २०१३ साली जुन्या हद्दीचा नवा आराखडा आला तेव्हा हरकती-सूचना ८७ हजारांच्या घरात गेल्या, आणि अखेर मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झालेल्या प्रारूप आराखड्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले आढळले. लोकांनी एवढा गिल्ला केला की दोनच महिन्यांत तो दुरुस्तीला परत पाठवावा लागला, आणि सुधारलेला मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. नियम नकोत असं हे सगळं बघूनही मी म्हणणार नाही. नियम नसते तर समोर टॉवर केव्हाच झाला असता आणि म्हशींनाही जागा उरली नसती. माझं म्हणणं एवढंच की खिसा न चाचपता केलेली वाण्याची यादी म्हणजे आराखडा नव्हे. दहा बागा रंगवण्यापेक्षा दोन करा, अण्णांचे पैसे वेळेत द्या, आणि ज्या तत्परतेने आमची चार बोटं मोजता त्याच टेपने स्वतःचं कामही मोजा.

आणि वाचकहो, तुमच्या गावचा नवा आराखडा लागेल तेव्हा एक दिवस रजा टाका. नकाशात आपलं घर शोधा, आपल्या घरावर, शेजाऱ्याच्या शेतावर कोणता रंग पडलाय ते बघा. रस्ता तुमच्या स्वयंपाकघरातून जात असेल तर तिथेच भांडत बसू नका. मुदतीच्या आत हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि पोचेवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का तीनही आहेत ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी तपासून घ्या.