नाशकात पत्ता कसा सांगावा

मुंबईहून पाहुणा निघाला की त्याला लगेच पत्ता सांगू नये. कसारा घाट चढेपर्यंत तो शिळा होतो. ‘पुढच्या चौकात उजवीकडे वळा’ म्हणावं, तर तेवढ्यात तिथे दुभाजक उगवतो आणि उजवीकडच्या गल्लीत जायला पाहुण्याला पार पुढे जाऊन माघारी यावं लागतं.

म्हणून एकच नियम पाठ करावा. नाशकात पत्ता नेहमी नसलेल्या गोष्टीवरून सांगावा. असलेली गोष्ट कधीही हलते. नसलेली कोण हलवणार? ‘जुनं चिंचेचं झाड होतं तिथून तिसरं घर’ हा पत्ता झाड पडल्यापासून जास्त पक्का झाला आहे.

पाहुणा गाडी घेऊन येत असेल तर आधी उड्डाणपुलाची ताकीद द्यावी. 2013 साली पूल झाला आणि नाशिक वरचं नि खालचं असं दोन ठिकाणी झालं. चुकून वर चढलेला पाहुणा तुमच्या गच्चीकडे बघत थेट आडगावच्या बाजूला उतरतो. त्याची भाजी झाकून ठेवावी.

एसटीने येणाऱ्याला ‘स्टँडवर भेटू’ असं चुकूनही म्हणू नये. जुनं सीबीएस, नवं सीबीएस, मेळा, महामार्ग, निमाणी. स्टँडवर भेटायचं ठरवून न भेटलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. ‘नवं सीबीएस’ ऐकून पाहुण्याने नवं काही शोधू नये. शहरातल्या गाड्या पूर्वी एसटीच्या होत्या, जुलै 2021 पासून सिटीलिंकच्या आहेत. आमच्या आईच्या लेखी मात्र त्या अजून एसटीच, आणि कंडक्टरही तिच्याशी वाद घालत नाही.

मध्येच पाहुणा विचारेल, ‘सगळं एकदाचं कधी स्थिर होणार?’ त्याला पंचांग दाखवावं. सिंहस्थ 2003 ला झाला, 2015 ला झाला, आता 2027. गुरू सिंह राशीत शिरतो आणि नाशिककर वळणरस्त्यात. एरवीही आम्ही मोकळे नसतो. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम 1.1 किलोमीटरचा रस्ता स्मार्ट होत होता, तेव्हा माझ्या चहावाल्याने तीनदा जागा बदलली. शेवटी मीच चहा सोडला. मिसळ तर शहराबाहेर द्राक्षमळ्यांत राहायला गेली, तिच्याबद्दल बोलत नाही.

पण कुरकुर जपून करावी. मोगलांनी या शहराचं नावच हलवून गुलशनाबाद केलं होतं. पेशवाईत ते परत नाशिक झालं. व्हिक्टोरिया पुलाचा होळकर पूल झाला. गोदावरीला तर आम्हीच गंगा म्हणतो, आणि बुधवारचा बाजार ‘गंगेवर’ भरवतो. तेव्हा पाहुणा गंगा शोधत उत्तरेकडे निघाला तर दोष आपलाच.

अगदीच चुकला तर त्याला दुतोंड्या मारुतीजवळ उभं करावं. पुराचं पाणी किती चढलं ते सारं गाव याच्याच अंगावर मोजतं; गळ्यापर्यंत बुडाला तरी तो जागा सोडत नाही. तिथून मी स्वतः न्यायला येतो.

फक्त पावसाळ्यात येणार असाल तर आधी फोन करा.