तालुक्याचे सर

२००१ साली एमएस-सीआयटी निघाली आणि तालुक्यातालुक्याला कॉम्प्युटरचे एकेक 'सर' तयार झाले. पुढे कित्येक क्लास बंद पडले. सर मात्र सरच राहिले. आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यातले सर मोटरसायकलवर असतात. सकाळी घोडनदीच्या बाजारपेठेत, दुपारी न्हावरा-चौफुला करत दौंडला. पाठीवरच्या बॅगेत पेनड्राइव्ह, पेचकस आणि वायरींचं गुंतवळ.

परवा सेतूवाल्या अण्णांनी यूएसबीवर चालणारा छोटा मॉनिटर आणला. गिऱ्हाइकाला सातबाऱ्यावरचं आपलं नाव समोर बसून वाचता यावं, एवढाच हेतू. मॉनिटरचा दिवा लागला, पण लॅपटॉप काही ओळख दाखवीना. सरांना फोन गेला.

आल्या आल्या सरांनी विचारलं, "कुणी हात लावला होता?" त्यांच्या शास्त्रात बिघाड होत नसतो, कुणीतरी करत असतो. अण्णांचा भाचा खाली बघायला लागला, म्हणजे निम्मा तपास संपलाच. मग विंडोज आणि पी दाबून 'एक्सटेंड' झालं. लॅपटॉप बंद करून चालू झाला. पिन काढून उलटी बसवली. टाइप-सी दोन्ही बाजूंनी सारखीच बसते हे सरांना ठाऊक आहे. पण पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला या टोकाचं त्या टोकाला नेताना बघत मोठा झालेला माणूस! एकदा फिरवल्याशिवाय राहवत नाही.

नंतर 'ड्रायव्हर' निघाला. जुन्या, चपट्या यूएसबीवर मॉनिटर लावायचा तर डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर लागतो, हे खरंच. टाइप-सीला सहसा लागत नाही, फक्त त्या पोर्टातून चित्र बाहेर पडायची सोय हवी. अण्णांच्या लॅपटॉपला ती होती. पोर्टाशेजारी डीपीची खूण होती. सरांनी ती आल्याबरोबर हेरली होती. लावलेली वायर मोबाइलच्या चार्जरची आहे, तिच्यातून करंट जातो, चित्र जात नाही, हेही. पण नुसती वायर बदलायची तर सरांना बोलवायचं कशाला?

"चहा सांगा, अण्णा."

अण्णा दाराकडे वळले तेवढ्यात बॅगेतली जाड वायर लागली. पडद्यावर सातबारा उमटला.

"ड्रायव्हरचा लोचा होता," सर म्हणाले. पैशाचं नाव काढलं नाही. ते फक्त मान घेतात. आणि ती जुनी वायर, 'खराब आहे' म्हणून.

रांगेतल्या मावशी पुढं झुकल्या. "दिसतंय बरं का आता. पण सर, आडनाव चुकलंय की हो!"

"ते तलाठ्याकडं, मावशी. माझ्याकडं फक्त दिसण्याचं."