गुडघ्याच्या ठिकाणी

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांचा गुडघा आम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पण इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस विपश्यना करून आले आणि त्या गुडघ्याचं व्याकरणच बदललं. पूर्वी लिफ्ट बंद पडली की "मेलो, गुडघा गेला" म्हणायचे. आता जिन्यात थांबतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "गुडघ्याच्या ठिकाणी संवेदना आहे." कुणाच्या गुडघ्याच्या, ते सांगत नाहीत. मालकी सोडली आहे.

तिथे त्यांनी मौन पाळलं हे खरं. त्याची भरपाई इथे आठ महिने चालू आहे. पहाटे चारची घंटा, फोन-वही-पुस्तक सगळं जमा, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ झालंय. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास. नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावर तो कुठे लागतो तेवढंच बघायचं. "मला मिशीचा एकेक केस कळत होता," काका म्हणतात. (मिशी पाहता यात अशक्य काही नाही.) चौथ्या दिवसापासून टाळू ते तळपाय मन फिरवायचं. खाज, ऊब, ठणका, जे लागेल ते पाहायचं. गोड म्हणून धरायचं नाही, कडू म्हणून ढकलायचं नाही. आणि अधिष्ठान म्हणजे तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

मी घरी करून पाहिलं. सातव्या मिनिटाला कळलं की मी जबडा आवळून बसलोय, आणि तो बहुधा नोकरीला लागल्यापासून तसाच आहे. जरा घाबरलोच. विचारांना पकडायला गेलं की ते निसटतात. जबडा बिचारा जागेवर सापडतो. हे काकांना सांगितलं, ही चूक. तेव्हापासून ते मला भाजीवाल्यासमोर "जबडा काय म्हणतो?" असं विचारतात.

सुनेशी त्यांचा तात्त्विक वाद आहे. ती फोनवरचं ऐकत आडवी पडून 'बॉडी स्कॅन' करते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यातला हा प्रकार. सुरुवात डाव्या पायाच्या बोटांपासून. काका वरून खाली जातात, सून खालून वर येते. दोघांची गाठ कमरेत कुठेतरी पडत असावी. काकूंचा प्रश्न वेगळाच: "एवढं स्कॅन करता, मग रिपोर्ट कुठाय?"

गेल्या रविवारी काकांनी मला गच्चीवर बसवलं. शेजारी काकूंच्या कुरडया वाळत होत्या. वीसेक मिनिटं झाली आणि मला राहवेना. डोळे किलकिले करून म्हटलं, "काका, मुंग्या आल्यात."

"उत्तम," काका मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "पायात मुंग्या येणारच. बघत राहा. येतात, जातात."

"माझ्या नाही, तुमच्या पायावर."

"माझा पाय, तुझा पाय, हाच तर भ्रम."

"काका, खऱ्या. लाल. कुरडयांवरून निघाल्यात आणि लेंग्यात शिरतायत."

काका क्षणभर शांत होते. काहीतरी पाहत असावेत. मग अधिष्ठान मोडलं आणि ते दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. गुडघ्याच्या ठिकाणी त्या वेळी कसलीही संवेदना नव्हती.